चौदावा नियम

आपल्याकडे माणूस जुन्या कॉलेजात परत जातो तो बहुधा दाखल्यासाठी, नाही तर स्नेहसंमेलनाच्या आमंत्रणावरून. दाखल्यासाठी गेलेल्याला कारकून ओळखत नाही आणि संमेलनाला गेलेल्याला गुलाबाचे फूल देऊन पहिल्या रांगेत बसवतात. दोन्ही प्रसंगी तो पाहुणाच असतो. अमेरिकेच्या ऐन मध्यावर कॅन्सस नावाचे राज्य आहे आणि त्यात लॉरेन्स नावाचे विद्यापीठाचे गाव आहे. तिथली रीत निराळी. तिथला माजी विद्यार्थी बास्केटबॉलचा सामना पाहायला परत येतो. तिकीट काढतो, लाकडी बाकावर अनोळखी माणसाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसतो आणि दोन तास घसा बसेपर्यंत ओरडतो. त्या दोन तासांत त्याला कोणी पाहुणा समजत नाही.

मी त्या विद्यापीठात १९८४ ते १९८७ अशी तीन वर्षे रसायनशास्त्र शिकलो. आम्ही पदवी घेऊन बाहेर पडलो आणि पुढच्याच वर्षी, १९८८ साली, विद्यापीठाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले; योगायोगाने मनुष्याची थट्टा करायची ठरवली म्हणजे ती अशी करावी. पुढे संसार पुण्यात झाला. करोनाची साथ ओसरल्यानंतरच्या एका हिवाळ्यात कॅन्सस सिटीला मुलीकडे मुक्काम होता. तिथून लॉरेन्स चाळीस मैलांवर. शेजारच्या कॅन्सस स्टेट विद्यापीठाशी सामना होता. जावयाने तिकिटे काढली आणि मी पस्तीसहून अधिक वर्षांनी माउंट ओरीड नावाच्या त्या टेकडीखाली उतरलो. टेकडी म्हणायची एवढेच. आपल्या पर्वतीपुढे ती उंचवटाच ठरेल. पण कॅन्ससच्या सपाटीत राहणाऱ्या माणसाला तेवढ्याचेही अप्रूप.

या गावात बास्केटबॉल हा खेळ राहिलेला नाही, ते कुलदैवत झाले आहे. क्रीडागृहाशेजारून जाणाऱ्या रस्त्याचे नाव नेस्मिथ ड्राइव्ह. आतल्या लाकडी मैदानाला जेम्स नेस्मिथ यांचे नाव. खुद्द इमारतीचे नाव ॲलन फील्डहाउस. तिचा नामकरणसमारंभ १ मार्च १९५५ रोजी झाला आणि त्या दिवशीही समोर कॅन्सस स्टेटच होते. मी गेलो तेव्हा आत सोळा हजार तीनशे माणसे बसत. २०१७ च्या फेब्रुवारीत या छपराखालचा आवाज मोजला तो १३०.४ डेसिबल भरला आणि बंदिस्त जागेतल्या प्रेक्षकांच्या आवाजाचा तो जागतिक विक्रम म्हणून नोंदवला गेला. विमानाच्या इंजिनाशी तुलना करण्याचा मोह होतो, पण इंजिन एका सुरात ओरडते. इथे तसे नाही. पाहुण्या संघाची नावे पुकारली जाऊ लागली, की विद्यार्थी वर्तमानपत्रे तोंडासमोर धरून वाचनात गढल्याचे सोंग करतात. आणि आपला संघ आला, की त्याच वर्तमानपत्रांचे तुकडे हवेत उडतात. ही खोडी आमच्या वेळीही होती. सामना हातात आला असे वाटू लागले, की ‘रॉक चॉक’चा घोष सुरू होतो. तो मात्र ओरडण्याच्या जातीचा नाही. संथ, खालच्या पट्टीतला, देवळात सायंकाळी ऐकू यावा तसा आहे. हा घोष १८८६ साली रसायनशास्त्राचे प्राध्यापक बेली आणि त्यांच्या मंडळींनी रचला. ‘चॉक’ म्हणजे त्या टेकडीचा चुनखडीचा दगड. रसायनशास्त्राच्या एका जुन्या विद्यार्थ्याला या गोष्टीचा अभिमान वाटला, तर वाचकांनी तो क्षम्य मानावा.

क्रीडागृहाला लागून २०१६ साली एक नवी इमारत उघडली. तिच्यात काचेमागे मंद उजेडात टंकलिखित कागदाची दोन पाने ठेवली आहेत. बास्केटबॉलचे मूळ तेरा नियम ते हे. डिसेंबर २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात विद्यापीठाच्या एका माजी विद्यार्थ्याने आणि त्याच्या पत्नीने ही पाने त्रेचाळीस लाख डॉलरांहून अधिक किंमत देऊन घेतली, ती लॉरेन्सला यावीत म्हणून. सामन्याआधी तासभर मी त्या काचेपुढे उभा होतो. मागे लोकांची रांग होती आणि तिच्यात आजोबांच्या बोटाला धरलेली मुलेही होती. आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या जुन्या पोथीपुढे उभे राहतात तशी ती माणसे उभी होती. फरक इतकाच, की कोणी पादत्राणे काढली नव्हती.

या पानांची हकीकत लॉरेन्सची नव्हे. जेम्स नेस्मिथ जन्माने कॅनडाचे, ऑन्टारियोतल्या ॲल्माँट गावचे, जन्मवर्ष १८६१. नवव्या वर्षी आईबाप गेले, मामाने वाढवले. मॉन्ट्रियलला पदवी आणि मग धर्मशास्त्र शिकून ते अमेरिकेत मॅसाच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या वाय. एम. सी. ए. प्रशिक्षण विद्यालयात आले. १८९१ च्या हिवाळ्यात विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी त्यांच्याकडे अठरा विद्यार्थ्यांचा एक वर्ग सोपवला. हे पुढे संस्थांचे चिटणीस होणारे प्रौढ लोक; कवायतीला कंटाळलेले. दोन शिक्षकांनी त्यांच्यापुढे हात टेकले होते. बाहेर बर्फ, आत व्यायामशाळेची चार भिंतींची खोली. तिच्यात खेळता येईल असा नवा खेळ दोन आठवड्यांत शोधायचा होता. फुटबॉल आत आणून पाहिला, तर हातपाय मोडायची वेळ आली.

नेस्मिथ यांनी मग जो विचार केला तो मला आजही विलक्षण वाटतो, कारण तो खेळाडूचा नाही, तर्कशास्त्र्याचा आहे. मारामारी होते कशाने? एक जण चेंडू घेऊन पळतो आणि बाकीचे त्याला पाडतात म्हणून. तेव्हा चेंडू घेऊन पळायचेच नाही. दुसरे, गोल समोर उभा असला की चेंडू जोराने हाणावासा वाटतो. तेव्हा गोल आडवा करायचा, आणि तोही डोक्यावर टांगायचा, म्हणजे जोराचा उपयोगच उरणार नाही. चेंडू कमानीसारखा हळूच वर जाऊन खाली यावा लागेल. ही दुसरी कल्पना त्यांना लहानपणच्या एका खेळावरून सुचली. मोठ्या खडकावर एक धोंडा ठेवायचा आणि लांबून दगड फेकून तो पाडायचा; आपल्या लगोरीचा हा चुलतभाऊ. त्यात नेम धरून जोरात फेकणारा हमखास चुकत असे आणि अलगद झोका देऊन फेकणारा जिंकत असे. नेस्मिथ यांनी इमारतीच्या देखरेख्याकडे दोन खोकी मागितली. त्याच्याजवळ खोकी नव्हती; पीचच्या दोन करंड्या होत्या. त्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून जगभर करंडी आजही दहा फुटांवर आहे. खेळाडू नऊ-नऊ, कारण वर्ग अठरा जणांचा. पहिल्या सामन्यात एकच गोल झाला आणि चेंडू काढायला शिडी लागली.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम बसवले, तेव्हा खो-खो गावोगाव कधीचा खेळला जात होता. नियम मागाहून आले. आपल्या बहुतेक खेळांचे असेच आहे. बास्केटबॉलमध्ये उलट झाले. आधी कागद, मग खेळ. त्या अठरा जणांनी आत पाऊल टाकले तेव्हा सूचनाफलकावर नियम लावलेले होते आणि खेळ जगात अजून एकदाही खेळला गेला नव्हता. म्हणूनच मी ते दोन कागद पुनःपुन्हा वाचले. चेंडू एका किंवा दोन्ही हातांनी कोणत्याही दिशेला फेकता येईल. चेंडू घेऊन धावता येणार नाही. खांद्याने ढकलणे, धरणे, पाडणे, मारणे नाही. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटे विश्रांती. सारे नियम हातापायांनी काय करावे याविषयी आहेत. कोणी खेळावे आणि कोणी खेळू नये याविषयी एक अक्षर नाही.

पहिल्या वर्गातच जपानचा एक विद्यार्थी होता. त्याच वर्गातल्या डंकन पॅटन नावाच्या मॉन्ट्रियलच्या तरुणाने १८९४ साली हा खेळ हिंदुस्थानात नेला, अशी नोंद नेस्मिथ यांच्या मृत्यूनंतर १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात आहे. स्प्रिंगफील्डलाच शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले. आमच्या शाळेचे व्यायामशिक्षक तिथले. गळ्यात शिट्टी, पांढरी पँट, आणि ‘पळू नका, द्या!’ ही एकच आरोळी. पुण्यातल्या त्या धुळीच्या मैदानावर नेस्मिथ यांच्या तिसऱ्या नियमाचे मराठी भाषांतर मी दहाव्या वर्षी ऐकले होते, हे मला लॉरेन्सच्या काचेपुढे उमगले.

नेस्मिथ लॉरेन्सला आले १८९८ साली. मधल्या काळात ते डेन्व्हरला वैद्यकी शिकून डॉक्टर झाले होते. विद्यापीठाला प्रार्थनामंदिर चालवणारा आणि व्यायाम शिकवणारा असा एकच माणूस हवा होता. बास्केटबॉल हा त्यात वरकड. त्यांनी १९०७ पर्यंत संघ सांभाळला. पंचावन्न सामने जिंकले, साठ हरले. या विद्यापीठाच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात जिंकल्यापेक्षा जास्त हरलेला प्रशिक्षक एकच, आणि तो म्हणजे खेळाचा जनक! गावातले लोक हा विनोद आवडीने सांगतात. मला त्यात विनोद कमी आणि स्वभाव जास्त दिसतो. खेळ शिकवायचा तो मुलांच्या अंगी काही यावे म्हणून, जिंकण्यासाठी नव्हे, असे या गृहस्थांचे प्रामाणिक मत होते. त्यांचा शिष्य फॉरेस्ट ॲलन अगदी उलट वृत्तीचा. पंचगिरी करताना धुक्यातल्या भोंग्यासारखा आवाज काढी म्हणून त्याला इंग्रजीतल्या धुक्यावरून ‘फॉग’ म्हणू लागले. या ॲलननी जवळजवळ चाळीस वर्षे संघ चालवला, शेकड्यांनी सामने जिंकले आणि प्रशिक्षण हा धंदा उभा केला. क्रीडागृहाला नाव जिंकणाऱ्याचे आणि जमिनीला नाव हरणाऱ्याचे, ही वाटणी मला न्यायाची वाटते.

बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये यावा म्हणून झटणाऱ्यांतही ॲलन पुढे होते. १९३६ साली बर्लिनला तो आला. देशभरच्या प्रशिक्षकांनी सामन्यांच्या तिकिटांतून वर्गणी काढून पंचाहत्तरीला टेकलेल्या नेस्मिथ यांना तिकडे पाठवले. अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या मैदानात, भर पावसात झाला. चेंडू उसळेना, अमेरिकेने कॅनडाला १९–८ असे हरवले. पदके नेस्मिथ यांच्या हस्ते दिली गेली: एक जन्मभूमीचा संघ, एक कर्मभूमीचा. (याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने हुतूतू आणि आपले इतर देशी प्रकार करून दाखवले होते. ऑलिंपिकच्या इतिहासात हे वाक्य क्वचितच सापडते, म्हणून इथे लिहून ठेवतो.) अमेरिकेच्या त्या विजयी संघात सारे गोरे होते. जेसी ओवेन्स त्याच आठवड्यांत धावपट्टीवर चार सुवर्णपदके मिळवत होता, पण बास्केटबॉलच्या पंक्तीला कृष्णवर्णीयाचे पान मांडलेले नव्हते.

इथे लॉरेन्स गावाची जन्मकथा सांगणे भाग आहे. हे गाव वसवले गेले तेच मुळी गुलामगिरीच्या विरोधात. १८५४ साली कॅन्ससची भूमी गुलामांची होणार की स्वतंत्र, हा प्रश्न मतांवर सोडला गेला, तेव्हा न्यू इंग्लंडमधल्या गुलामगिरीविरोधी मंडळींनी मुद्दाम माणसे पाठवून हे गाव उभे केले. त्याची किंमत गावाने दिली. २१ ऑगस्ट १८६३ रोजी पहाटे क्वांट्रिल नावाच्या दक्षिणपक्षीय म्होरक्याने चारशेंवर घोडेस्वारांनिशी येऊन गाव जाळले आणि दीडशेच्या वर पुरुष व मुलगे घराघरांतून ओढून मारले. त्या राखेवर दोन-तीन वर्षांत विद्यापीठ उभे राहिले. विद्यापीठाचे विद्यार्थी स्वतःला ‘जेहॉक’ म्हणवतात. तो शब्दही त्या लढ्यातल्या मुक्तिपक्षाचा. असे हे गाव. आणि याच गावात विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला वर्गात बसता येई, पण विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात खेळता येत नसे. तसा लेखी नियम नेस्मिथ यांच्या कागदावर नव्हता. न लिहिलेला चौदावा नियम होता, आणि तो पहिल्या तेरांपेक्षा काटेकोरपणे पाळला जात असे. नियम लिहिलेला असला तर खोडता येतो, म्हणून असे नियम कोणी लिहीत नाही. आपल्याकडच्या पाणवठ्यांचा आणि देवळांच्या पायऱ्यांचा इतिहास वाचलेल्या माणसाला हे फोड करून सांगायला नको.

सामना मध्यंतरापर्यंत आला होता. माझी नजर दक्षिणेच्या भिंतीकडे गेली. तिथे नामांकित खेळाडूंचे जुने अंगरखे टांगलेले आहेत, आणि त्यांत १३ आकड्याचा आहे विल्ट चेंबरलेन याचा. सात फुटांवर उंचीचा हा फिलाडेल्फियाचा मुलगा १९५५ साली लॉरेन्सला आला. तोवर चौदावा नियम ढिला झाला होता. पहिला कृष्णवर्णीय खेळाडू त्याच्या तीन-चार वर्षे आधी ॲलन यांच्याच हाताखाली संघात आला होता. पण संघाच्या बाहेर गाव होतेच. आसपासच्या उपाहारगृहांत आपल्याला वाढायला नकार मिळतो हे कळल्यावर विल्ट मुद्दाम एकेका ठिकाणी जाऊन बसू लागला, आणि त्याला ‘नाही’ म्हणणे जड जाऊ लागले. पहिल्याच मोठ्या सामन्यात त्याने बावन्न गुण केले. १९५७ च्या २३ मार्चला कॅन्सस सिटीच्या म्युनिसिपल ऑडिटोरियममध्ये अंतिम सामना झाला. नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध बरोबरी, जादा वेळ, पुन्हा बरोबरी, पुन्हा जादा वेळ, आणि तिसऱ्या जादा वेळेत कॅन्सस एका गुणाने हरले, ५४–५३. पुढच्या वर्षी विल्ट विद्यापीठ सोडून गेला आणि कित्येक वर्षे फिरकला नाही. आपण गावाला हरवले, तिथे आपले स्वागत कसे होणार, असे त्याच्या मनाने घेतले होते.

तो परत आला तो १७ जानेवारी १९९८ रोजी. सामना पुन्हा कॅन्सस स्टेटशीच. मध्यंतरात त्याचा अंगरखा भिंतीवर चढवला गेला. एकसष्ट वर्षांचा तो धिप्पाड माणूस अंगात विद्यार्थीदशेतले संघाचे जाकीट घालून नेस्मिथ यांच्या मैदानावर उभा राहिला, चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या पराभवाविषयी बोलला आणि शेवटी गावाचा घोष त्याने स्वतःच दिला. सामना संपल्यावर तो बराच वेळ बसून लोकांना सह्या देत होता. माझ्या शेजारच्या बाकावरच्या बाईंनी मला हे सारे सांगितले, आणि त्यांच्या सांगण्यात जी घाई होती तीवरून त्या त्या दिवशी इथेच होत्या हे मी विचारण्याआधी ओळखले.

भिंतीवर अंगरखा टांगायचा तर तो आधी अंगावर चढावा लागतो. म्हणून त्या भिंतीवर जॉन मॅक्लेंडन यांचा अंगरखा नाही. मी मध्यंतरानंतर जे पाहत होतो, तो चेंडू हातात येताच पाचही जणांनी समोरच्या करंडीकडे घेतलेली झेप आणि चेंडू गेला तर संपूर्ण मैदानभर प्रतिपक्षाला अडवत नेणे, तो वेग जुन्या संथ बास्केटबॉलमध्ये नव्हता. तो ज्यांनी खेळात आणला त्यांत मॅक्लेंडन अग्रणी. ते याच विद्यापीठाचे.

मॅक्लेंडन यांचा जन्म १९१५ चा, कॅन्ससमधलाच. १९३३ साली वडिलांनी मोटारीतून त्यांना लॉरेन्सला आणले आणि बजावले, की नेस्मिथ यांना शोध आणि ते तुझे मार्गदर्शक आहेत असे त्यांना सांग. पोराने तसेच केले. असे कोणी सांगितले, असे नेस्मिथ यांनी विचारले. वडिलांनी, असे उत्तर मिळाल्यावर म्हातारबुवांनी तक्रार केली नाही. वडील सांगतात ते खरेच असते, म्हणून त्याला जवळ घेतले. ही हकीकत मॅक्लेंडन स्वतः सांगत असत. शारीरिक शिक्षणाच्या पदवीला पोहणे आवश्यक होते, आणि तलाव गोऱ्यांचा. न पोहताच उत्तीर्ण करतो, ही सवलत मॅक्लेंडन यांनी नाकारली आणि ते पाण्यात उतरले. तलावातले पाणी सोडून देण्यात आले. महाडच्या चवदार तळ्यात पाणी चाखले गेले ते १९२७ साली, आणि त्यानंतर ते तळे गोमूत्राने शुद्ध करून घेतले होते. सातासमुद्रापार नुसता पाट उघडला, एवढाच फरक. मॅक्लेंडन हटले नाहीत, नेस्मिथ त्यांच्या पाठीशी राहिले, आणि तलाव अखेर सर्वांना खुला झाला. संघ मात्र खुला झाला नाही. तिथे नेस्मिथ यांचा शब्द चालत नव्हता, हे सत्य त्यांच्या पुतळ्याभोवती आरती ओवाळणाऱ्यांनीही मान्य करायला हवे. आपल्या हयातीत आपल्या खेळाच्या दारावर लागलेली कडी त्यांना काढता आली नाही. १९३६ साली मॅक्लेंडन पदवी घेऊन बाहेर पडले, आपल्या शाखेतला पहिला कृष्णवर्णीय पदवीधर म्हणून. त्याच उन्हाळ्यात गुरू बर्लिनला गेले.

खेळता आले नाही तरी गुरूजवळ बसून ऐकता आले. खेळ आपल्या करंडीखाली थांबून राहण्याचा नसून चेंडू जिथे असेल तिथे त्याच्यावर धावून जाण्याचा आहे, हे आपण नेस्मिथ यांच्याकडून शिकलो, असे मॅक्लेंडन म्हणत. नेस्मिथ १९३९ च्या नोव्हेंबरात लॉरेन्सलाच वारले. मॅक्लेंडन तोवर नॉर्थ कॅरोलायना राज्यात डरम गावी, कृष्णवर्णीयांसाठी काढलेल्या कॉलेजात पोचले होते आणि १९४० पासून संघ त्यांच्या हाती आला. दक्षिणेत तर चौदावा नियम लेखी होता. बसमध्ये कोणी कुठे बसावे इथपासून तो कायद्याने ठरलेला. १९४४ च्या जुलैत त्याच डरममध्ये एका बसचालकाने एका कृष्णवर्णीय सैनिकाला गोळी घालून मारले आणि न्यायालयाने चालकाला निर्दोष सोडले. हे अशासाठी सांगितले, की त्याच्या चारच महिने आधी त्या गावात काय घडले त्याचे मोल ध्यानात यावे.

डरममध्येच गोऱ्यांचे ड्यूक विद्यापीठ आहे. युद्धकाळात तिथल्या वैद्यकीय विद्यालयात सैन्यातर्फे शिकणाऱ्या तरुणांचा एक संघ होता. त्यात निरनिराळ्या कॉलेजांतले माजी नामांकित खेळाडू होते आणि तो राज्यातला सर्वांत चांगला संघ मानला जाई. मॅक्लेंडन यांच्या संघाने त्या वर्षी एकच सामना गमावला होता. पण त्याला राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश नव्हता. तेव्हा दोन संघांत गुपचूप खेळायचे ठरले. १२ मार्च १९४४, रविवार, सकाळची वेळ. गावातली माणसे, आणि पोलीसही, चर्चमध्ये असण्याची. ड्यूकची मुले उसन्या मोटारींतून आडवळणाने आली आणि डोक्यावर कोट ओढून व्यायामशाळेत शिरली. आतून दारे लावून घेतली. पंच होता, वेळ मोजणारा होता. प्रेक्षक नव्हते, म्हणजे असू द्यायचे नव्हते. कॉलेजातल्या काही मुलांना सुगावा लागला आणि ती खिडक्यांना लटकली.

सुरुवातीला दोन्हीकडचे हात थरथरत होते. सोपे चेंडू सुटत होते. गोऱ्या माणसाला खेळताना धक्का लागला तर काय, हा विचार एका बाजूच्या मनात. आणि आपण कुठे येऊन बसलो, हा दुसऱ्या बाजूच्या. मग मॅक्लेंडन यांच्या पोरांनी पळायला सुरुवात केली. ड्यूकच्या मंडळींनी असला वेग पाहिलेला नव्हता. सामना ८८–४४ असा संपला, बरोबर दुप्पट.

यानंतर जे झाले ते मला त्या गुणसंख्येहून मोठे वाटते. थोडी विश्रांती झाली आणि कोणी तरी म्हणाले, आणखी एक डाव खेळू या, पण संघ मिसळून. काहींनी अंगरखे काढले, काहींनी ठेवले, आणि काळे-गोरे एकाच बाजूने, एकमेकांना चेंडू देत खेळले. मग ड्यूकची काही मुले वसतिगृहाच्या खोल्यांत जाऊन यजमानांबरोबर गप्पा मारत बसली आणि नंतर मोटारींत बसून निघून गेली.

१९५७ साली मॅक्लेंडन टेनेसीच्या संघाचे प्रशिक्षक होते. लहान कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे अजिंक्यपद त्यांनी त्या वर्षी जिंकले, आणि पुढची दोन वर्षेही. त्या स्पर्धेचा अंतिम सामना त्याच मार्चमध्ये, त्याच कॅन्सस सिटीच्या म्युनिसिपल ऑडिटोरियममध्ये झाला, जिथे विल्टचा संघ एका गुणाने हरला. लॉरेन्सने ज्याला खेळू दिले नाही तो तिथे जिंकला आणि ज्याला मानाने बोलावून आणले तो तिथे हरला. दोघेही वारले एकाच आठवड्यात: मॅक्लेंडन ८ ऑक्टोबर १९९९ रोजी, विल्ट १२ तारखेला.

डरमच्या त्या रविवारची बातमी कृष्णवर्णीयांच्या स्थानिक वर्तमानपत्राच्या एका बातमीदाराला लागली होती. छापली तर मॅक्लेंडन यांची नोकरी जाणार, आणि कदाचित नोकरीवरच भागणार नाही, हे ओळखून त्याने ती छापली नाही. ड्यूकच्या मुलांनी अवाक्षर काढले नाही. एका इतिहासकाराने ती शोधून लिहिली तेव्हा १९९६ साल उजाडले होते. मॅक्लेंडन एक्याऐंशीच्या घरात होते.